वाए लेंदोच्या ओढ्यातला फेस

सकाळचे साडेसहा वाजले असतील. घोटाभर पाण्यात उभी राहून मी तपासणीसाठी बाटली भरत होते, आणि वरून फेस आला.

आधी एक पुंजका, मग त्याच्यामागे दोन-तीन. दगडांना वळसे घालत आले, माझ्या घोट्याला घासले आणि खाली निघून गेले. शेवटचा मी ओंजळीत धरून नाकाशी नेला. लिंबाचा वास होता. कपडे धुवायच्या साबणाचा.

"पाक गुरू," काठावर बसलेल्या योआकिम मास्तरला मी विचारलं, "वर कोण राहतं?"

"कुणी नाही, इबू." त्यांच्याकडे बाईंना इबू म्हणतात.

"मग हा साबण कुठून आला?"

तो उठला, पाण्याकडे जरा वेळ बघत राहिला. "साबण नाही तो. वरच्या जंगलात एक झाड आहे. त्याची फळं पाण्यात पडली की फेस होतो."

"आणि त्या फळांना लिंबाचा वास येतो?"

"काही फळांना येतो," तो म्हणाला. माझ्या हातातली बाटली घेऊन त्याने तिला बूच लावलं आणि पिशवीत ठेवली.

रिठा मीही पाहिला होता. रिठ्याच्या फेसाला असा वास येत नाही. गावात पोचेपर्यंत आम्ही एकमेकांच्या मागेपुढे गपचूप चालत राहिलो.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. पाण्याच्या योजना करणाऱ्या एका संस्थेने मला इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर आठ गावांची माहिती लिहायला पाठवलं होतं. गावात माणसं किती, घरं किती, पाणी कुठून येतं, पिकतं काय, आजार कोणते, असं सगळं प्रत्येक गावाच्या अहवालात उतरवायचं. हेच काम मी आधी पाच वर्षं पाटण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर केलं होतं. तिथे आमचे जुने सर्वेक्षक भोईटे म्हणायचे, "माणसाला विचारू नकोस, चुली मोज. माणूस खोटं बोलतो, चूल बोलत नाही." त्या विद्येवर माझा फार विश्वास होता.

वाए लेंदो हे सहावं गाव. तिथल्या बोलीत वाए म्हणजे पाणी. डोंगराच्या खांद्यावर साठेक घरं, मधोमध उंच शंकूसारखं गवती छपराचं गोल घर, त्यात गावाचे ढोल टांगलेले. गावाचा निवाडा त्याच घरात व्हायचा. खाली उतरणीवर भाताची गोल शेतं होती. शेताच्या मध्यावर एक खुंटी, आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारखे प्रत्येक घराचे वाटे निघालेले. वरून पाहिलं तर कोळ्याचं जाळं अंथरल्यासारखं दिसे. रस्त्याच्या कडेला चटयांवर लवंगा वाळत असायच्या, त्यांचा वास कपड्यांत, केसांत, भातातसुद्धा. दक्षिणेला डोंगरांच्या फटीतून समुद्राची एक निळी चीर दिसायची. गावातली म्हातारी माणसं तिकडे बोट दाखवून सांगायची की आम्ही डोंगरातली माणसं, आमचं तिकडे काही काम नाही.

पहिल्या दिवशी गावाने माझं स्वागत रीतीप्रमाणे केलं. पांढरा कोंबडा दिला, ताडी पाजली, पानसुपारी दिली. गावप्रमुख बापा दोनातुस साठीचा, रुंद हाडांचा माणूस. त्याने माझी सोय रोसालिया नावाच्या विधवा म्हातारीकडे केली. तिथे आईला मामा म्हणतात, म्हणून सगळं गाव तिला मामा रोसालिया म्हणे. मला सुरुवातीला त्याचं हसू येई. पन्नाशीच्या पुढच्यांना त्यांची मांगराई बोलीच यायची, म्हणून शाळेतला मास्तर योआकिम माझा दुभाष्या झाला. सहा महिने घासून शिकलेली इंडोनेशियन भाषा मला कामापुरती येत होती.

चार दिवसांत माझ्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलं आहे.

मी एखाद्या म्हाताऱ्याला विचारायचे, "वर डोंगरात शेती आहे का?" तो योआकिमकडे बघून पाच मिनिटं बोलायचा, हातवारे करायचा, मध्येच डोळे पुसायचा. आणि योआकिम सांगायचा, "नाही म्हणतात."

"एवढंच?"

"बाकी जुन्या आठवणी आहेत, इबू. तुमच्या कामाच्या नाहीत."

वर जायचा विषय निघाला की कारणं तयार असायची. एकदा वाट खचलेली, एकदा तिथे पितरांची जागा, बाहेरच्या बाईने पाय ठेवू नये. पण दर दोन दिवसांनी तीन-चार बायका पाठीवर मक्याच्या भरल्या टोपल्या घेऊन त्याच वाटेने वर जाताना आणि रिकाम्या टोपल्या घेऊन उतरताना मी स्वतः पाहिल्या. त्यांच्यात मामा रोसालियाही होती. विचारलं तर म्हणाली, "डुकरांना." तिच्या घरी एकच डुक्कर होतं, आणि ते मोरीमागे बांधलेलं होतं.

दोनदा वरून कुऱ्हाडीचा आवाज ऐकला. वरचा भाग राखीव जंगल आहे, तिथे काडी तोडायला बंदी आहे, हे माझ्या कागदांत होतं. दोनातुसच्या घराच्या पुढच्या भिंतीला कोऱ्या फळ्या ठोकलेल्या होत्या. मी दोन आणि दोन चार केले. लाकूड कापून कुठेतरी पोचवत असणार, सगळं गाव त्यात सामील, आणि मास्तर माझ्यावर नजर ठेवायला बसवलेला.

संशय एकतर्फी नव्हता. एका दुपारी परत आले तर माझी वही उशाखाली नव्हती. संध्याकाळी दोनातुसने ओसरीवर बोलावलं. योआकिम, रोसालिया आणि गावातली पाच-सहा वडीलधारी माणसं आधीच बसली होती. वही दोनातुसच्या मांडीवर होती.

"इबू नलिनी," तो म्हणाला, "ही अक्षरं आम्ही कधी पाहिली नाहीत. दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसतात. आमच्याबद्दल काय लिहिलंय, वाचून दाखवा."

मी मराठीत लिहीत असे. कालच्या पानावर लिहिलं होतं, 'दोनातुस खोटं बोलतो. मास्तर त्याहून जास्त. वर नक्की काहीतरी आहे.' मी ते पान उघडलं आणि सगळ्यांसमोर वाचायला लागले. "गावाला पाणी पुरतं. लवंगेला कीड आहे. मामा रोसालिया शेवग्याच्या पाल्याची भाजी छान करते."

योआकिमने ते त्यांच्या बोलीत सांगितलं. कुणी मान हलवली नाही. रोसालिया माझ्या बोटाकडे बघत होती. ते पानावर किती ओळी सरकलं आणि मी किती बोलले, याचा तिने बहुतेक हिशेब केला.

"एवढंच?" दोनातुसने विचारलं.

"बाकी माझ्या घरच्या आठवणी आहेत," मी म्हणाले.

फेस पाहिला तो याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याच दुपारी मी जिल्ह्याच्या ठिकाणी संस्थेच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. गाव माहिती लपवत आहे, ओढ्याच्या वरच्या अंगाला राखीव जंगलात तोड चालू असावी, संबंधितांनी येऊन पाहावं. बाकं ठोकलेला एक ट्रक बाजाराच्या दिवशी खाली जायचा, त्याच्या ड्रायव्हरच्या हातात पाकीट दिलं. योआकिमने ते पाहिलं. पत्र कुणाला, असं त्याने विचारलं नाही. त्याच्या न विचारण्याचाही मला संशय आला.

रविवारी सगळं गाव तासभर उतरून चर्चला जायचं. मी पोट दुखतं म्हणून पडून राहिले. रोसालिया थांबते म्हणाली, मी नको म्हटलं. पेरूची पानं उकळून ठेवून ती निघाली. अंगणातून तिने दोनदा वळून बघितलं. ती वळणाआड झाली तशी मी चपला चढवल्या.

वाट कुठेही खचलेली नव्हती. एका ठिकाणी काटेरी फांद्या आडव्या टाकलेल्या होत्या, त्या ओलांडल्यावर पायवाट रोजच्या वापरातली, गुळगुळीत. अर्ध्या तासाने दाट झाडीत बांबूची पन्हळ दिसली. तिच्या कडेने गेले आणि थांबले.

नऊ झोपड्या होत्या. ठेंगण्या, छपरावर ओल्या फांद्या टाकून झाकलेल्या. पाण्याशी धुणं वाळत घातलेलं, पण तेही झाडांच्या आत, आभाळ दिसणार नाही असं. माणसं होती, तीस-चाळीस तरी. मला बघून सगळी जागच्या जागी थिजली. कुणी ओरडलं नाही, कुणी धावलं नाही. एक कुत्रं होतं, तेही भुंकलं नाही.

एक तिशीची बाई पुढे आली. तिच्या कडेवर अडीचेक वर्षांची मुलगी होती. मला बघून मुलीने तोंड वाकडं केलं, आता रडणार, तोच बाईचा तळहात तिच्या तोंडावर गेला. मुलीने आवाज गिळला. डोळ्यांतून पाणी आलं, आवाज आला नाही.

"तुम्ही त्या मोजणाऱ्या बाई," ती इंडोनेशियनमध्ये म्हणाली. "तिखट कमी खाता. झोपेत बोलता."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आईनं."

"तुमची आई कोण?"

"तुम्ही जिच्या घरी झोपता ती."

तिचं नाव वेरोनिका. रोसालियाने मला सांगितलं होतं की एकच मुलगी आहे, ती लांब समुद्रकाठी दिलेली आहे. निम्मं खरं होतं. वेरोनिकाचं सासर पलीकडच्या डोंगरावर होतं. सहा वर्षांपूर्वी ते गाव दरडीखाली गेलं. उरलेल्यांना सरकारने समुद्रकाठच्या सपाटीवर घरं दिली. तिथे कोळ्यांची वस्ती, खारं पाणी, तीन पावसाळे हिवताप. या लोकांना होडी वल्हवता येत नव्हती आणि वाळूत मका उगवत नव्हता. दोन मुलं गेली, एक वेरोनिकाचा मुलगा. मग नऊ कुटुंबं चालत परत डोंगरात आली. जुन्या गावाच्या जागी दगडमातीशिवाय काही नव्हतं, म्हणून बायकांच्या माहेराजवळ, वाए लेंदोच्या डोक्यावर येऊन राहिली. जागा राखीव जंगलातली. कळलं तर उठवणार. तीन वर्षं अख्खं गाव त्यांना आपल्या कोठारातला मका पुरवत होतं आणि येणाऱ्या प्रत्येकाला वर कुणी नाही म्हणून सांगत होतं.

"चूल कधी पेटवता?" मी विचारलं. दुसरं काय विचारावं ते सुचेना.

"पहाटेच्या धुक्यात. धूर धुक्यात मिसळतो."

मी तिथल्याच एका दगडावर बसले. "मी पत्र पाठवलंय," म्हणाले.

"काय लिहिलंत?"

"वर झाडं तोडतात म्हणून."

तिने झोपड्यांच्या खांबांकडे पाहिलं. "ते खोटं नाही," ती म्हणाली.

मी तशीच उतरले. रोसालिया चर्चहून आली तेव्हा मी उंबऱ्यात बसले होते. तिने माझ्या चपलांना लागलेला लाल चिखल पाहिला. खालच्या वाटेवर माती काळी होती. ती माझ्याशेजारी बसली आणि तिने एकच शब्द विचारला. तेवढी मांगराई मला येत होती. "पाहिलीस?"

मी मान हलवली. मग योआकिमला बोलावून पत्राचं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते मला घराबाहेर काढतील. दोनातुस आला, त्याने ऐकलं, आणि पान जुळवत बसला. बराच वेळ त्याला चुना सापडेना, तो त्याच्या हातातच होता.

"आम्हाला वाटलं तुम्हाला सरकारनं त्यांना मोजायला पाठवलंय," शेवटी योआकिम म्हणाला. "म्हणून मी निम्मं सांगत होतो. ते म्हातारे तुम्हाला काय सांगत होते माहितीय? वर आमच्या लेकी आहेत, त्यांच्यासाठी काही करता येईल का बघा. मी ते गाळत होतो."

"आणि मला वाटलं तुम्ही लाकूड विकता."

"कुठलं लाकूड?"

मी दोनातुसच्या भिंतीकडे बोट केलं. त्याने मागे वळून आपल्याच फळ्यांकडे पाहिलं. "नारळाच्या आहेत," तो म्हणाला. "परसातल्या. वीज पडली होती."

ठरलं असं, की दोन दिवसांत वरच्या झोपड्या मोडायच्या, माणसांनी अजून आत गुहांकडे सरकायचं, आणि कुणी आलंच तर मी सांगायचं की माझी चूक झाली. हा निरोप योआकिमनेच वर नेला. वेरोनिका काय म्हणाली असं मी विचारलं, तर तो म्हणाला, "काही नाही म्हणाली." या वेळी तो काही गाळत नव्हता, तरी माझा विश्वास बसला नाही.

बुधवारी वनखात्याचे साहेब आले; कार्यालयाने माझं पत्र त्यांच्याकडे धाडलं होतं. पाक हेंद्रो, जावाकडचे, पन्नाशीचे, सर्दीने बेजार झालेले, बूट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. सोबत दोन वनरक्षक. गोल घरात सगळं गाव जमलं. साहेबांच्या हातात माझं पत्र होतं.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो. पण माझी चूक झाली," मी म्हणाले. "मला परिसर माहीत नव्हता. आवाज ऐकला तो वाऱ्याने बांबू आपटल्याचा असावा. ओढ्यात फेस पाहिला तो एका फळाचा असतो. पाक गुरूंनी मला तेव्हाच सांगितलं होतं."

साहेबांनी रुमालाने नाक पुसलं. "पत्रात तुम्ही लिहिलंय, गाव माहिती लपवतं."

"लपवत नाही. मला भाषा येत नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांचा विश्वास बसला नव्हता हे मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांना. पण दीड दिवस प्रवास करून आलेल्या आजारी माणसाला परत जायला एवढं कारण पुरलं असतं. त्यांनी पत्राची घडी घातली.

तेव्हा दारातला उजेड अडला. वेरोनिका आत आली. कडेवर मुलगी. तिच्यामागून एकेक करत बाकीची माणसं, म्हातारे, पोरं, अंगावर वेगळे ठेवलेले चांगले कपडे. दोनातुस अर्धा उठला आणि परत बसला. रोसालियाने मुलीला नावाने हाक मारली, त्यात रागही होता आणि विनवणीही.

सगळ्या गावाला कळावं म्हणून वेरोनिका मांगराईत बोलत होती. साहेबांना ती येत नव्हती. त्यांनी योआकिमकडे पाहिलं. योआकिमने आधी दोनातुसकडे पाहिलं, मग वेरोनिकाकडे. आणि बोलायला लागला.

"ती म्हणते, वर फळाचं झाड नाही. वर आम्ही आहोत. नऊ कुटुंबं. या सगळ्यांनी आमच्यासाठी खोटं बोलून पाप केलंय, त्यांना काही करू नका. ती म्हणते, या लोकांनी आम्हाला लपवायचं ठरवलं, या बाईंनीही ठरवलं. आम्हाला काय हवं ते कुणी विचारलं नाही. आम्ही तीन वर्षं दाबून खोकतो. माझी मुलगी बोलायला उशिरा शिकली, कारण तिने तोंड उघडलं की मी हात ठेवते. गुहेत गेलो तर ती मुकी होईल. आम्हाला लिहा."

साहेबांनी पत्राची घडी पुन्हा उलगडली. मग योआकिमला म्हणाले, "तिला सांगा, मी लिहिलं तर मला ते वर पाठवावं लागेल. मग काय होईल ते माझ्या हातात नाही."

योआकिमने सांगितलं. ती दोनच शब्द बोलली.

"ती म्हणते, माहीत आहे."

साहेबांनी त्यांच्या वनरक्षकाकडे कागद मागितला. तो भिजलेला निघाला. मी माझी वही पुढे केली. त्यांनी लिहून घ्यायला मलाच सांगितलं. सदतीस नावं मी लिहिली, आधी त्यांच्या लिपीत, मग सवयीने माझ्या. मध्येच एवढी गर्दी बघून ती लहान मुलगी घाबरली आणि तिचा चेहरा वाकडा झाला. वेरोनिकाचा हात उठला. रोसालिया गर्दीतून पुढे आली आणि तिने लेकीचा तो हात मनगटाला धरून खाली ठेवला. मुलगी रडली. आधी अडखळत, जणू कसं रडायचं ते आठवत नसल्यासारखी, मग भोकाड पसरून. सगळं गाव बसून ऐकत होतं. ती थांबेपर्यंत साहेबांनी पुढचं नाव विचारलं नाही.

पुढे काय झालं तेही सांगते. माझ्या अहवालाच्या फाइलमध्ये माझं पत्र आणि माझीच माघार, दोन्ही लागली. उरलेली दोन गावं मला मिळाली नाहीत. मी परत आले, आणि योआकिमची पत्रं येत राहिली. दोन वर्षं कागद फिरले. शेवटी वाए लेंदोने आपल्या एका गोल शेताचे वाटे मोडून मधल्या खुंटीपासून नव्याने पाडले, आणि नऊपैकी सहा कुटुंबांना गावातच जमीन मिळाली. तीन कुटुंबांच्या नावावर समुद्रकाठची घरं कायम नोंदलेली होती. त्यांना तिकडेच परत जावं लागलं. त्या तिनांत वेरोनिकाचं घर होतं.

हे वाचून मी योआकिमला लांबलचक पत्र लिहिलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. त्याचं उत्तर आलं ते एका पानाचं. त्याने माझ्या पत्राबद्दल काहीच लिहिलं नव्हतं. एवढंच कळवलं होतं की मामा रोसालियाने आपलं घर भाच्याला दिलं, डुक्कर विकलं आणि ती लेकीकडे राहायला गेली. सत्तर वर्षांत चर्चच्या खाली एकदाही डोंगर न उतरलेली बाई. समुद्राचा वास तिला अजून सहन होत नाही, रात्री लाटांच्या आवाजाने झोप लागत नाही, मासे ती खात नाही. योआकिम तिला भेटायला गेला तेव्हा त्याने विचारलं, इथे काय आहे तुला? ती म्हणाली, संध्याकाळ झाली की दारात उभी राहून मी नातीला हाक मारते. ती लांबून ओ देते.